बाय, आधी बोलून ठेव

बाय, कबड्डी खेळणाऱ्या मुली माझ्याकडे येतात तेव्हा खेळातलं काही विचारायला क्वचितच येतात. बोनस कसा टिपायचा, घोट्यात कसं शिरायचं, हे त्यांचे सर शिकवतातच. या पोरी येतात त्या वेगळीच गाठ घेऊन. "ताई, नवरात्राचे नऊ दिवस मी उपास धरते आणि स्पर्धा नेमक्या त्यातच आल्या." "ताई, रोजे चालू असताना सरावाला जाऊ का?" "ताई, वर्गात शिकवणारे सगळ्यांसमोर म्हणाले, तुम्ही काय बाबा खेळाडू, ग्रेसवर सुटाल." मैदानात सात जणींच्या अंगावर एकटी जाणारी मुलगी, पण हे सांगताना तिचा आवाज घशातच अडकतो.

अलिबागचं कॉलेज असो, मुरूडचं, रोह्याचं की श्रीवर्धनचं, गाठ तीच असते. देव, पुस्तक आणि मैदान या तिघांतलं एक निवड, असं कुणी ना कुणी सुचवत असतं. कधी घरचे, कधी शिकवणारे, कधी आळीतल्या बायका. तर आज थोडा वेळ माझ्याजवळ बस. मी स्वतः कोपरा सांभाळत कॉलेजभर खेळले, पदवी घेतली आणि आमच्या घरचे सणवारही पाळले. त्यातून जे हाती लागलं ते असं: जे तुला महत्त्वाचं वाटतं ते वेळेआधी, ज्याला सांगायला हवं त्यालाच, स्पष्ट सांगून ठेव. देव आणि खेळ यांच्यात भांडण क्वचितच असतं. तारांबळ उडते ती कुणी कुणाला काही न सांगितल्यामुळे, आणि मग ऐनवेळी पोरीलाच काहीतरी सोडून द्यावं लागतं.

लोक काय म्हणतात ते आधी घेऊ, कारण सगळ्यात जास्त तेच टोचतं.

आपल्या किनाऱ्यावर कबड्डी घराघरात आहे. भातं कापून झाली की रिकाम्या शेतात चुन्याच्या रेघा पडतात, रात्री दिव्यांच्या झोतात सामने रंगतात, म्हाताऱ्यासुद्धा पंचाला नियम सांगतात. इतकं प्रेम असूनही खेळणाऱ्या मुलीविषयीची मतं आधीच ठरलेली असतात. ती अभ्यासात कच्ची असणार. दांडगट असणार. उन्हात काळी पडली, गुडघे फुटले, आता हिला कोण करून घेणार. मुलगी मुसलमान असली की आणखी एक प्रश्न: "तुमच्यात खेळू देतात?" आणि एक मत कौतुकाच्या कपड्यांत येतं, ते मला सगळ्यात घातक वाटतं. "आगरी-कोळ्यांच्या पोरी, मासळीवर वाढलेल्या, अंगातच ताकद!" ऐकायला गोड लागतं, पण त्यात तुझी पहाटेची धाव जाते, शंभर वेळा घोटलेली पकड जाते, चढाईच्या तीस सेकंदांत तू केलेला विचार जातो. ताकद जन्मजात म्हटली की डोकं तुझं नाहीच, असं ते बोलणं असतं. म्हणून कुणी असं म्हटलं तर हसून सोडून देऊ नकोस. "काकी, रोज दोन तास सराव करते मी," एवढं तरी बोल.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नकोस. अमेरिकेत कॉलेजात अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या मुलांकडेही असंच बघतात: अंगानं मोठी, डोक्यानं कमी. तिथला मायरन रोल हा फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा खेळाडू. २००८च्या नोव्हेंबरात त्याची ऱ्होड्स शिष्यवृत्तीची मुलाखत आणि संघाचा मेरीलँडमधला सामना एकाच दिवशी आला. त्यानं मुलाखत दिली, शिष्यवृत्ती मिळवली आणि विमानानं जाऊन त्याच रात्री संघाला गाठलं. पुढे त्या शिष्यवृत्तीवर तो ऑक्सफर्डला शिकला. मग काय झालं माहीत आहे? व्यावसायिक संघांच्या मनात उलटी शंका आली, की हा इतका शिकतोय म्हणजे याचं खेळात मन आहे का! आज तो मेंदूचा शल्यचिकित्सक आहे. सांगायचा मुद्दा असा, की बोलणारे दोन्ही बाजूंनी बोलतात. खेळलीस तर अभ्यासावरून, अभ्यास केलास तर खेळावरून. त्यांचं समाधान करायला निघालीस तर दोन्ही हातचं जाईल. पण त्या मुलानं मुलाखत आणि सामना एका दिवशी आलाय हे कुणापासून लपवलं नव्हतं. संघाला ठाऊक होतं, म्हणून संघानं त्याला मोकळीक दिली.

आणि इतक्या लांब कशाला जायचं? साताऱ्यातल्या माण तालुक्यातली ललिता बाबर घे. दुष्काळी मुलखातली शेतकऱ्याची मुलगी, २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. पुढे ती राज्याच्या महसूल सेवेत उपजिल्हाधिकारी झाली. खेळ एकीकडे आणि फायली, कायदे, नकाशे दुसरीकडे, असं तिला कुणी वाटून दिलं नव्हतं.

आता त्या ग्रेस मार्कांचं. त्यावरून फार टोमणे बसतात, म्हणून नीट समजून घे. आपल्या मुंबई विद्यापीठात खेळाडूंना दहा गुणांपर्यंत सवलत आहे. दहावी-बारावीला स्पर्धेच्या दर्जानुसार पंचवीसपर्यंत गुण मिळतात. ही खिरापत नव्हे. विद्यापीठासाठी, जिल्ह्यासाठी तू जे दिवस दिलेस त्यांची ती थोडीशी भरपाई आहे. हक्कानं घे, मान खाली घालू नकोस. पण हे गुण मिळतील या भरवशावर एकही धडा सोडू नकोस. तू साठ टक्क्यांनी पास झालीस आणि त्यावर सवलतीचे गुण आले, तर टोमणा मारणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. पस्तीसला टेकून बसलीस, तर त्याचं म्हणणं तूच खरं करून दिलंस.

शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण आहे, तेही याच धाग्यातलं. त्यासाठी प्रमाणपत्रांची पडताळणी क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालकांकडे होते, आणि ती कडक असते. म्हणून आजच एक फाईल कर. प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र, संघाच्या यादीची प्रत, प्रवेशिका, निकालाचं कात्रण, तारखेनुसार लावून ठेव. नाव शाळेच्या दाखल्यावर जसं आहे तसंच प्रत्येक कागदावर आहे ना, हे तिथल्या तिथे बघ. माहेरचं-सासरचं नाव, एका अक्षराचा फरक, यावरून मुलींचे कागद अडकलेले मी पाहिले आहेत. प्रमाणपत्र हातात घेताना दोन मिनिटं थांबून वाचलंस तर पुढचे दोन महिने वाचतात.

हजेरीचंही आधीच बोलून घे. पंच्याहत्तर टक्क्यांचा नियम तुला माहीत आहेच. स्पर्धेचं पत्रक आलं की क्रीडा संचालकांच्या सहीचं पत्र घ्यायचं, विभागप्रमुखांकडे स्वतः न्यायचं, पोच घ्यायची. मैत्रिणीच्या हाती पाठवू नकोस, स्वतः जा. "मॅडम, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मी नाही. अंतर्गत चाचणी मध्ये येते. ती मला कधी देता येईल?" हे तू आठ दिवस आधी विचारलंस तर तू जबाबदार विद्यार्थिनी ठरतेस. तेच तू परत आल्यावर सांगितलंस तर तू बुडवणारी ठरतेस. तुझं काम तेवढंच असतं, फक्त आधी बोललीस की नंतर, यावर लोकांचं मत ठरतं.

आणि प्रवास वाया घालवू नकोस. मुंबईत सामना असला की आपल्या मुलींचा अर्धा दिवस एसटीत जातो. पावसाळ्यात मांडव्याच्या लाँच बंद, म्हणजे बहुतेक वेळा पेण-पनवेल फिरून जायचं. जाताना मन सामन्यात असतं, वाचून काही डोक्यात शिरत नाही, तेव्हा जाताना झोप. येताना मात्र व्याख्या, सनावळ्या, सूत्रं, असलं छोटं छोटं वाचायचं. दोघी जणी एका विषयाच्या असाल तर एकमेकींना विचारत या. दमलेल्या डोक्यालाही तेवढं जमतं.

आता देवाधर्माकडे येते. इथे मी तुला काय पाळ आणि काय सोड हे सांगणार नाही. तो माझा अधिकार नाही. तू जे पाळतेस ते मैदानाशी कसं जुळवायचं, एवढंच सांगते.

सामन्याआधी पंच रांगेत उभं करून तपासतात ना? नखं कापलेली हवीत, अंगाला तेल किंवा चिकट काही नको, अंगावर दागिना नको. मग मनगटातला लाल दोरा, दंडाचा ताईत, गळ्यातला क्रूस, एकवीरेच्या नावाचा गंडा, सगळं उतरवायचं. नवीन मुलगी इथे बिचकते. आईनं बांधलेलं आहे, काढलं तर अपशकुन होईल, हरले तर त्यामुळेच हरले असं वाटेल. आमच्या संघात पावडरचा एक रिकामा डबा होता. पंच यायच्या आधीच सगळ्या जणी आपापलं काढून त्यात ठेवायच्या. एकीचा ताईत, एकीची चेन, एकीच्या कानातल्या कुड्या, सगळं एकाच डब्यात, आणि डबा राखीव खेळाडूच्या मांडीवर. सामना संपला की हात धुऊन आपापलं परत बांधायचं. पंचासमोर घाईघाईनं तोडायला लागलं तर मन उगाच खट्टू होतं. आईला मात्र आदल्या दिवशीच सांगून ठेव: "आई, नियम आहे, काढावं लागतं. परत तुझ्या हातानंच बांधून घेईन." बहुतेक आया यावर हो म्हणतात.

उपासाचं जरा जास्त बोलते, कारण त्यात धोका आहे. आपले उपास बरेचसे खाऊन करायचे असतात, ही सोय आहे, ती वापर. पण साबुदाण्याच्या वाटीवर अख्खा सामना अंग झोकून खेळता येत नाही. राजगिरा, शेंगदाणे, दूध, ताक, केळी, रताळं, हे पोटात जाऊ दे. पाणी मुळीच तोडू नकोस. निर्जळी उपास असेल त्या दिवशी सामना असला तर घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी विचार. उपास फळांवर करता येतो का, दुसऱ्या दिवशी धरता येतो का, याची वाट आपल्या रीतीतच असते. आजारी माणसाला, गरोदर बाईला आपण सूट देतोच ना?

आणि एक गोष्ट एकांतात स्वतःला विचार. हा उपास देवासाठी आहे की वजनकाट्यासाठी? आपल्या खेळात वजनाची मर्यादा असते, वरिष्ठ महिला गटाला ती ७५ किलोची आहे, खालच्या वयोगटांना आणखी कमी. काट्यावर उभं राहायच्या आधी दोन दिवस काही न खाणाऱ्या, थुंकून थुंकून अंगातलं पाणी काढणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. घरी सांगतात उपास आहे. देवाचं नाव पुढे केलं की आई ताट पुढे करत नाही, हे त्यांना माहीत असतं. बाय, असं करू नकोस. वजन वाढलंय हे सरांना महिनाभर आधी सांग, ते आहार आणि सराव लावून देतील. चक्कर येऊन मैदानात पडलीस तर मान, गुडघा, काहीही जाऊ शकतं.

सणांच्या दिवसांतली दुसरी गोष्ट म्हणजे पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. गौरी-गणपतीला घरात अडचण नको म्हणून एकदा, आणि लगेच स्पर्धेत त्रास नको म्हणून पुन्हा, असं एकामागून एक घेतात. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्या, डॉक्टरला न विचारता. असं करायचं नाही. आधी डॉक्टरीण गाठ, तुझी सगळी हकिगत सांग, मगच काय ते. पाळीच्या दिवसांत खेळता येतं, जगभरच्या मुली खेळतात. दुखत असेल तर सरांना सांगायची लाज वाटते हे मी समजू शकते. मग संघातल्या मोठ्या मुलीला सांग, तिनं सरांना सांगावं.

गणपतीतल्या तारांबळीचं खरं कारणही बघ. आरतीला लागतात पंधरा मिनिटं. तुझा दिवस जातो तो नारळ खवण्यात, पाहुण्यांच्या चहात, भांड्यांच्या ढिगात. मग सराव चुकला की म्हणायचं, सण होता. सण कुठे आड आला? आड आलं ते काम, आणि ते काम एकट्या मुलीच्या वाट्याला आलं म्हणून. गणपतीच्या पंधरा दिवस आधी आईशी आणि भावाशी बोल. "सकाळी दोन तास मी नसेन. परत आल्यावर अमुक अमुक माझ्याकडे. भांडी दादाकडे." सुरुवातीला कुरकुर होईल. आरतीला मात्र तू हजर राहा, मनापासून राहा, म्हणजे देव सोडला असं कुणी म्हणणार नाही.

आता मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनकडच्या माझ्या मुस्लिम पोरींसाठी. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतो. सध्या तो फेब्रुवारी-मार्चात, म्हणजे परीक्षांच्या तोंडावर येतोय. रोजा असताना भर उन्हात चढाया मारायचा हट्ट करू नकोस. सरांना महिना सुरू व्हायच्या आधी सांग: "रोजे आहेत. जोराचा सराव इफ्तारनंतर करते, दिवसा पायांची कवायत आणि डावपेच बघते." पाळीच्या दिवसांत रोजे ठेवायचे नसतात, ते नंतर भरून काढायचे असतात. प्रवासात रोजे पुढे करायची मुभा तुमच्यात आहे, पण ती कधी घ्यायची हे घरच्यांना, जाणत्यांना विचारून तूच ठरव. सरांनीही ते ठरवू नये आणि मैत्रिणींनीही नाही.

आधी सांगितलं की काय होतं याचं एक उदाहरण मला फार आवडतं. एप्रिल २०२१मध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये लेस्टर आणि क्रिस्टल पॅलेस यांचा फुटबॉल सामना होता. लेस्टरच्या वेस्ली फोफानाचा आणि पॅलेसच्या शेखू कुयातेचा रोजा होता. दोन्ही कर्णधारांनी सामन्याआधीच ठरवून ठेवलं होतं. अर्ध्या तासाच्या सुमारास सूर्य मावळला, पॅलेसचा गोलरक्षक चेंडू मारायचा जरासा थांबला, दोघांनी रोजा सोडला आणि खेळ पुढे चालू. कुणाचं काही बिघडलं नाही. प्रतिस्पर्धी संघसुद्धा थांबतो, बाय. त्याला ठाऊक मात्र असायला हवं.

डोक्यावरच्या ओढणीचंही तसंच. फुटबॉलमध्ये त्यावर बरीच वर्षं बंदी होती, २०१४मध्ये फिफानं ती उठवली. आणि आपल्या खेळातलं उदाहरण तर सगळ्यांनी पाठ करावं असं आहे. महिला कबड्डी आशियाई खेळांत २०१०मध्ये आली. तेव्हाचं आणि २०१४चं सुवर्ण भारतानं जिंकलं. २०१८ला जकार्तात अंतिम सामन्यात इराणच्या मुलींनी आपल्याला २७-२४ असं हरवलं. पूर्ण बाह्या, पूर्ण पाय झाकलेले, डोक्याला घट्ट हिजाब. कपड्यांनी त्यांची एकही पकड सुटली नाही. आणि त्या मुलींची प्रशिक्षक कोण? आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. शाकाहारी बाई, वयाच्या साठीच्या आसपास परक्या देशात जाते, तिथल्या रीतीप्रमाणे डोक्यावर ओढणी घेते, थोडी फारसी शिकते, त्या मुलींना प्राणायाम शिकवते, आणि त्यांच्या गळ्यात सुवर्णपदक घालते. ना त्या मुलींनी आपला धर्म सोडला, ना बाईंनी आपला. पुढे २०२३मध्ये हांगझोऊला आपल्या मुलींनी चायनीज तैपेईला २६-२५ असं एका गुणानं हरवून सुवर्ण परत आणलं, आणि ते त्या स्पर्धेतलं भारताचं शंभरावं पदक ठरलं. "तुमच्यात खेळू देतात?" असं विचारणाऱ्याला तू जकार्ता सांग. आणि स्पर्धेला जाताना संयोजकांकडून पोशाखाचा नियम लेखी मागून घे, टाचण्या लागणार नाहीत अशी खेळाची टोपी-ओढणी आण. मैदानाच्या कडेला उभं राहून वाद घालायची वेळ येऊ देऊ नकोस.

आणखी कुणाकुणाचं काय काय असतं. कोर्लईच्या मुलीला रविवारी सकाळी मिस्सा असते. बौद्ध घरातल्या मुलीला २० मार्चला महाडला चवदार तळ्यावर जायचं असतं, १४ एप्रिलला जयंतीची मिरवणूक असते, आणि नेमकी तेव्हाच परीक्षा. चौलच्या दत्ताची यात्रा मार्गशीर्षात. एका संघात हे सगळं एकत्र नांदतं. आपल्या किनाऱ्याला हे नवीन नाही. नवगाव, रेवदंडा, अलिबागकडच्या बेने इस्राएल म्हणजे ज्यू लोकांना गावं शनवार तेली म्हणायची, कारण त्यांचे तेलाचे घाणे शनिवारी बंद असायचे. पिढ्यान् पिढ्या बंद. गावानं काय केलं? शुक्रवारीच तेल भरून ठेवलं असणार. अलिबागच्या इस्राएल आळीत त्यांचं सिनेगॉग १८४८पासून आहे. त्यांना धंदा सोडावा लागला नाही आणि शब्बाथही सोडावा लागला नाही, कारण शनिवारी घाणा बंद हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. तुझ्या संघाला, तुझ्या सरांना, तुझ्या कॉलेजला तुझं तसंच माहीत असू दे.

यासाठी करायचं काय? घरात भिंतीवर कालनिर्णय असतं. त्यात सगळ्या धर्मांचे सण दिलेले असतात. जूनमध्ये कॉलेज सुरू झालं की ते खाली काढ, तीन रंगांचे पेन घे. एका रंगानं तुझे सण-उपास, दुसऱ्यानं परीक्षा आणि चाचण्या, तिसऱ्यानं स्पर्धा. स्पर्धांच्या तारखा उशिरा कळतात, तरी गेल्या वर्षीच्या तारखांवरून अंदाज येतो. जिथे दोन रंग एकाच चौकोनात आले तिथे तुला आधी बोलायचंय. वर्षभरात असे चौकोन वाटतात तेवढे नसतात.

तेच कालनिर्णय तुझ्या धावण्यालाही उपयोगी आहे. कोळीवाड्यात कुणालाही विचार, तिथी पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, पुनवेला आणि अवसेला अकरा-बाराच्या आसपास. म्हणजे अष्टमीला पहाटे किनाऱ्यावर धावायला जागा नाही, त्या दिवशी सकाळ पुस्तकाला दे. पुनव-अवसेला सकाळी सहाला ओहोटी, ओली घट्ट वाळू लांबपर्यंत मोकळी, तेव्हा धाव. घोट्यांना आणि पोटऱ्यांना त्याच्यासारखा व्यायाम नाही. मऊ कोरड्या वाळूत मात्र लगेच वेगानं धावू नकोस, पाय मुरगळतो.

सगळीकडे ऐकून घेतीलच असं मी म्हणत नाही. कुणी सर म्हणतील, खेळायचं तर सण विसर. कुणी घरात म्हणेल, सण आहे तर खेळ विसर. तू बोललीस आणि तरी नाही म्हणाले, तर एक गोष्ट मात्र तुझ्याकडे राहते: तू पळाली नाहीस, लपवलं नाहीस. मग थोरांपैकी तुझ्या बाजूचं एक माणूस शोध. आत्या असेल, मामा असेल, कॉलेजातल्या एखाद्या बाई असतील. मुलीचं एकटीचं बोलणं जिथे अडतं तिथे मोठ्या माणसाच्या एका शब्दानं वाट होते. मी आहेच.

आणि दुसरीबद्दल तू स्वतः असं बोलू नकोस, हेही सांगते. बुरखेवाली काय पकड लावणार, वर्गात पहिली येणारी काय मार खाणार, आदिवासी वाडीवरची इंग्रजी काय वाचणार, असं संघातच बोललं जातं. आपल्याला जे टोचतं तेच आपण दुसरीला टोचतो. कर्णधार झालीस तर पहिल्या दिवशी सगळ्यांना विचार: कुणाचे उपास कधी, कुणाची परीक्षा कधी, कुणाला घरून किती वाजेपर्यंत परवानगी. वहीत लिहून ठेव. ज्या संघात हे विचारलं जातं तिथे ऐनवेळी मुली गळत नाहीत. आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या नव्या मुलीला ते मागावंही लागत नाही. तिच्यासाठी ती रीतच झालेली असते.

तेव्हा या आठवड्यात तीन जणांशी बोल. आईशी, सणातल्या कामांबद्दल. सरांशी, उपासाबद्दल आणि वजनाबद्दल. विभागप्रमुखांशी, चाचणीबद्दल. तिन्ही ठिकाणी आवाज खाली जाऊ देऊ नकोस. तू काही माफी मागायला गेलेली नाहीस. तू देवाची आहेस, पुस्तकाची आहेस, मैदानाची आहेस, आणि तिघांनाही पुरशील एवढी तुझ्यात धमक आहे. जा, आणि काय झालं ते मला सांग.